केक राहू द्या, दर बुधवारी फोन करा

पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत नोकरीला असलेल्या सोलापूरच्या मुलामुलींनो,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीला आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला तुम्ही घरी येता. हुतात्मा एक्स्प्रेसनं रात्री दहाच्या सुमाराला उतरता, एक दिवस घरच्यांत जातो आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी आमच्या हॉलच्या पायरीवर चपला काढत म्हणतं, "मॅडम, आपल्या भागातल्या मुलांसाठी काहीतरी करायचंय. इंग्लिश स्पीकिंग घेऊ का?" मनापासून विचारता, त्याबद्दल शंका नाही. पण दर वेळी मी तेच तेच सांगत बसते आणि तुमच्या परतीच्या गाडीची वेळ होते. म्हणून एकदा सगळ्यांनाच नीट लिहून टाकते.

माझी ओळख थोडक्यात. मी पूर्व भागातली. आई विडी कामगार, वडील यंत्रमागावर. शिकले, बँकेत लागले, निवृत्त झाले आणि आता संध्याकाळी समाजाच्या हॉलमध्ये पाचवी ते दहावीची मुलं घेऊन बसते. बहुतेक महापालिकेच्या शाळांतली. कुणी मराठी माध्यमाची, कुणी तेलुगू, चार-दोन उर्दू. बहुतेकांच्या घरी आई विड्या वळते, बाप टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जातो. तुमच्यापैकी कित्येकांचं लहानपण असंच गेलंय, तेव्हा जास्त सांगत नाही.

या मुलांवर "भाषेत कच्ची" असा शिक्का बसलेला असतो. बाहेरून येणारे पाहुणेही तसंच धरून चालतात. आता हे ऐका. आमच्याकडचा सहावीतला एक पोरगा हॉलच्या दारात उभा राहून आईशी तेलुगूत हुज्जत घालतो, शेजारच्या किराणावाल्याला कानडीत उधारी लिहून ठेवायला सांगतो, मित्राला दखनी उर्दूत दोन शब्द सुनावतो आणि आत येऊन मला मराठीत म्हणतो, "मॅडम, उशीर झाला की ओ." सगळं पाच मिनिटांत. 2025 साली पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावरून राज्यभर रान पेटलं आणि जूनअखेरीला सरकारनं ते आदेश मागे घेतले. आमच्या गल्लीला तो वादच कळेना. इथल्या पोराच्या पहिलीत जायच्या आधीच तीन झालेल्या असतात.

मग इंग्रजीच का अडते? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. 2000 सालापासून राज्यात ते पहिलीपासून आलं. म्हणजे आज दहावीत असलेली मुलगी दहा वर्षं इंग्रजी शिकत आलीय. तिला वाचता येतं, फळ्यावरचं उतरवता येतं, धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असतात. दहावीच्या इंग्रजीत लेखी 80 गुणांची, उरलेले 20 शाळेच्या हातात. त्यातल्या तोंडी परीक्षेपुरता एक परिच्छेद घोकलेला असतो, तो ती डोळे मिटून म्हणून दाखवते. पण ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर हवं होतं, असा एकही प्रश्न या दहा वर्षांत तिला कुणी इंग्रजीतून विचारलेला नसतो. पुढं अकरावी सायन्सला गेली की सगळं एकदम इंग्रजीतून सुरू होतं, आणि "सर, हे कळलं नाही" एवढं म्हणायलाही तोंड उघडत नाही. ऐंशी-पंच्याऐंशी टक्केवाली पोरगी हळूहळू मागच्या बाकावर सरकते. तुमच्यातल्या मराठी माध्यमवाल्यांनी हे भोगलंय.

आता तुमच्या येण्याबद्दल. वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही चार-पाच जण येता. टी-शर्ट एकसारखे असतात. कुणाचा तरी वाढदिवस असतो म्हणून केक असतो, वह्या-पेन्सिली असतात. मुलांना ओळीत उभं केलं जातं आणि "व्हॉट इज युवर नेम?" सुरू होतं. त्यानंतर "व्हॉट डू यू वॉन्ट टु बिकम?" पहिला पोरगा डॉक्टर म्हणाला की मागचे सगळे डॉक्टर. फोटो निघतो, गट बाहेर पडतो. पुढच्या जत्रेला दुसरा गट येतो, आणि पुन्हा "व्हॉट इज युवर नेम?" पहिल्यापासून. आमच्या पोरांनी स्वतःचं नाव इंग्रजीतून जितक्या वेळा सांगितलंय, तितक्या वेळा इंग्लंडच्या राजानंही सांगितलं नसेल. मोबाईल वर उचललेला दिसला की आता ती आपणहून उंचीप्रमाणे ओळ लावतात.

एका पाहुण्यानं तर पालकांनाच समोर बसवून सांगितलं, की घरात आईवडिलांनी मुलांशी इंग्रजीत बोललं पाहिजे, मग बघा कसा फरक पडतो. मागं उभ्या असलेल्या एका बाईंनी मला तेलुगूत विचारलं, "हा बाबा काय म्हणतोय?" मी भाषांतर करायचं टाळलं.

तर सांगायचं ते एवढंच: तुमचं येणं आम्हाला कमी पडत नाहीये. आम्हाला हवाय आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी येणारा फोन. वीस मिनिटांचा. वर्षभर.

ही कल्पना माझी नव्हे. बँकेतल्या माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी हैदराबादेत एका कंपनीत आहे. ती म्हणाली, "काकू, मला वर्षातून दोनदाच यायला जमतं. पण बुधवारी संध्याकाळी फोन करू शकते, करू का?" ही मुलगी जुळे सोलापुरात वाढलेली. अशोक चौकाच्या पुढं, आमच्या पूर्व भागात, ती कधी आली नव्हती आणि विडी वळताना तिनं कुणाला पाहिलेलं नव्हतं. एकाच गावात हे असं असतं, तो विषय वेगळा. फोन स्टीलच्या परातीत ठेवला की आवाज मोठा येतो, हा शोध पोरांचा. परातीभोवती तिघं बसतात, मी बाजूला.

एका बुधवारी तिनं आठवीतल्या मुलीला विचारलं, आई काय करते.

"माय मदर विडी मेकिंग."

"हाउ?"

हा प्रश्न कुठल्याच धड्याखाली नव्हता. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मी छताकडे. मग तिनंच सुरुवात केली. "फर्स्ट, लीफ इन वॉटर." "व्हाय?" "ड्राय लीफ ब्रेक." "ओके, ड्राय लीव्ह्ज ब्रेक. देन?" "देन कट. सिझर." मग तंबाखू, मग रोल, मग थ्रेड. टोक दुमडण्याशी येऊन गाडी अडली. तिनं बोटांनी करून दाखवलं, पण बोटं फोनला दिसतात कुठं? शेजारचा पोरगा ओरडला, "क्लोज द माउथ!" पलीकडून हसू ऐकू आलं. मग, "हाउ मेनी?" "थाउजंड." "इन अ वीक?" "नो अक्का! वन डे!" आणि त्यानंतर कुणी विचारलेलं नसताना ती पुढं बोलत राहिली. कारखान्यात विड्या नेल्या की तपासणारा माणूस बघतो. वाईट दिसतील त्या बाजूला काढतो. त्याचे पैसे मिळत नाहीत. "दॅट डे मदर नो टॉक."

व्याकरण तुटकं आहे, मान्य. पण त्या वीस मिनिटांत तिनं शाळेच्या वर्षभरापेक्षा जास्त इंग्रजी वापरलं असेल, आणि त्यातलं एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं. शिकवणारीला खरोखर माहीत नव्हतं म्हणून तिनं विचारलं, मुलीला पक्कं माहीत होतं म्हणून तिनं सांगितलं. हीच अक्का हॉलमध्ये समोर बसलेली असती तर मुलीनं पान हातात धरून वळून दाखवलं असतं, दोघी हसल्या असत्या आणि इंग्रजीचं काम तिथंच संपलं असतं. फोनवर हात चालत नाहीत. शिवाय फोनला उसवलेली बाही दिसत नाही, भिंतीचा पोपडा दिसत नाही. समोर पाहुणा असला की खाली बघणारी पोरं परातीशी मात्र भांडून नंबर लावतात.

म्हणूनच तुम्ही सोलापूर सोडून गेलात, ते या कामाला उपयोगाचं आहे. तुमच्या गावात आज काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक नाही. या मुलांना आहे. नळाला पाणी किती दिवसांनी आलं, विचारा. (पाणी येतं त्या संध्याकाळी आमचा वर्ग अर्धा रिकामा असतो, मोठी पोरं घागरी-पिंपं भरत असतात. जी आली असतील त्यांच्याकडून बाकीच्यांची खबर घ्या.) नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ कुठून कुठं गेला, संक्रांतीला नंदीध्वज कुणाकुणाच्या दारावरून गेले, गड्ड्यावरचा पाळणा यंदा किती उंच होता, विचारा. सिद्धेश्वर तलावापासून कन्ना चौकात कसं यायचं हे फोनवर सांगायला लावा आणि मुद्दाम चुकत जा. उजवीकडे, डावीकडे, सरळ, मागं फिर, चुकलास, हे सगळं दहा मिनिटांत जिभेवर बसतं. डावं-उजवं तीन महिने शिकवून जमत नव्हतं, ते एका पोरीनं अक्काला रस्ता चुकवण्याच्या नादात शिकून घेतलं.

चुकांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू, चारही भाषांत क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते मधे घुसतं. त्यामुळे मुलं "आय टी ड्रिंक" म्हणणारच. "अ" आणि "द" गाळणारच; आपल्या भाषांत त्या जागी काही नसतंच. "डू" आणि "डज" त्यांना उगाच मधे घातलेले वाटतात. तुम्ही "राँग!" म्हणून थांबवलंत की पोरगं पुढचा महिनाभर "येस" आणि "नो"वर भागवतं. त्यापेक्षा त्याचंच वाक्य सुधारून त्याला परत विचारा: "ओह, यू ड्रिंक टी? विथ मिल्क?" त्याला उत्तर द्यायचं असतं, म्हणून तो नीट ऐकतो. आमच्या त्या आठवीतल्या मुलीचं "मेक्स" असंच काही आठवड्यांत आपोआप मधे जाऊन बसलं. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर तिला सांगता येत नाही.

मराठी किंवा तेलुगू शब्द आला तर येऊ द्या. "ओन्ली इंग्लिश" हा नियम वर्गातल्या बोलक्या पोरालाही मुका करतो.

आता माझ्या अटी. या बाबतीत मी हटवादी आहे, आधीच सांगते.

वार आणि वेळ एकदा ठरली की ठरली. बुधवार सव्वासात म्हणजे बुधवार सव्वासात. तुमचं रिलीज असेल, क्लायंट कॉल असेल, तर आदल्या दिवशी कळवा, मी मुलांना तसं सांगेन. न कळवता फोन आला नाही तर पोरं परातीभोवती बसून राहतात, आणि पुढच्या आठवड्यात त्यांतलं एखादं येत नाही. दोनदा असं झालं तर मी तुमचं नाव काढते. एका जणाला यावरून माझा राग आला, त्यानं मोठा मेसेज लिहिला. त्याला बोलायला वेळ होता, फक्त बुधवारी नव्हता.

फोन वर्गाच्या नंबरावरच येईल, स्पीकरवर राहील आणि जवळ एक मोठं माणूस बसलेलं असेल. कुठल्याही मुलाचा किंवा त्याच्या घरचा नंबर तुम्हाला मिळणार नाही. तुम्हीही मागायचा नाही, आणि स्वतःचा मुलांना द्यायचा नाही. हे तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. उद्या दुसरा कुणी येईल, त्यालाही हाच नियम लागेल. व्हिडिओ कॉल नाही, फोटो नाही, मुलांचे आवाज टेप करून स्टेटसला लावणं नाही. आमच्या एखाद्या पोरीचं तुटकं इंग्रजी चारशे लोकांनी ऐकून "सो क्यूट" म्हटलं, असं व्हायला नको.

मुलं तुम्हालाही प्रश्न विचारतील. पहिला प्रश्न पगाराचा असेल. "हाउ मच सॅलरी?" हे मी शिकवलेलं नाही, पण थांबवतही नाही, कारण त्या प्रश्नाला "हाउ मच" बरोबर लागतं. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्यानंतर विचारतात: तिकडे एकटे राहता का, भाकरी कोण करतं, शेंगाचटणी मिळते का. या प्रश्नांची उत्तरं खरी द्या. तिथल्या भाड्याच्या खोलीत पहिल्या महिन्यात काय हाल झाले, मीटिंगमध्ये तोंड उघडायला किती दिवस लागले, हेही सांगा. ते ऐकताना परातीभोवती चिडीचूप असतं.

"माझंच इंग्रजी तेवढं चांगलं नाही हो मॅडम," असं मला नेहमी ऐकायला मिळतं, आणि बहुतेक वेळा असं म्हणणारेच टिकतात. ज्याला आपल्या उच्चाराचा अभिमान असतो तो पहिल्या पाच मिनिटांत पोरांचे उच्चार धरतो. तुम्ही त्याच इंग्रजीवर नोकरी करताय ना? तेवढं आम्हाला पुरे. सोलापुरी हेल राहू द्या.

फोनवरून शिकवणं म्हणजे काहीतरी दुय्यम, असंही काहींना वाटतं. आपल्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून मोबाईल अभ्यासाला जुंपणारे. त्यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी ती बातमी अभिमानानं पुढं पाठवली होती. मला आलेल्या फॉरवर्डची गिनती नव्हती.

आयांबद्दल थोडं लिहिते, कारण त्यांचा प्रश्न मला टाळता येत नाही. मागच्या दिवाळीत एका आईनं विचारलं, "टीचर, इंग्रजी आलं की हीपण पुण्यालाच जाणार ना?" तिचा थोरला गेलेला आहे. मी "नाही" म्हणू शकले नाही. गिरण्या बंद पडल्यापासून हे गाव आपली शिकलेली पोरं बाहेर पाठवतंय, आणि तुम्ही वाचणारे बहुतेक जण त्याच रस्त्यानं गेलात. मी आयांना नोकरीचं आमिष दाखवत नाही, तुम्हीही फोनवर दाखवू नका. इथंही टॉवेल परदेशी पाठवणारे कारखाने आहेत, गणवेश शिवून देशभर पाठवणारे आहेत. तिथल्या ऑफिसात परगावच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की अजूनही मालकालाच बोलवावं लागतं. पण त्या आईला हे सांगून समाधान झालं असं नाही. ती फक्त म्हणाली, "बरं, बोलू दे. मला कळत नाही ते बरंय, माझ्याबद्दल काय सांगते कुणास ठाऊक." आता ती बुधवारी विड्यांचं सूप घेऊन हॉलच्या दारातच बसते. तिचं नाव निघालं की मान वर करते.

अजून एक अडचण आहे. पूर्व भागातली बरीच कुटुंबं आता गावाबाहेर राहायला गेलीत. कुंभारीला विडी कामगार महिलांची 10 हजार घरं 2006 मध्ये झाली, तेव्हा काही गेली. आता कुंभारीतलंच रे नगर. 30 हजार घरांच्या त्या योजनेतल्या पहिल्या 15 हजार घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं, तेव्हा आणखी गेली. स्वतःचं पक्कं घर झालं याचा मला आनंदच आहे, माझ्या आईला ते कधी मिळालं नाही. पण माझी काही चांगली बोलकी मुलं त्यात गेली आणि संध्याकाळी तिथून हॉलला यायला त्यांना परवडत नाही. मी रोज तिथं जाऊ शकत नाही. फोन जाऊ शकतो. तिथल्या दोन मोठ्या मुली, दोघी पूर्वी माझ्याकडेच होत्या, आपल्या ओट्यावर पाच-सहा पोरं घेऊन बसायला तयार आहेत. परात त्यांच्याकडे आहे. फोन करणारा माणूस नाही.

आणि प्रत्येकानं माझ्याच हॉलला फोन केला पाहिजे असं नाही. तुमची जुनी शाळा आहे, तुम्हाला शिकवलेल्या बाई आहेत, सेटलमेंटात, शास्त्री नगरात, रामवाडीत, लष्कर भागात संध्याकाळी मुलं गोळा करून बसणारं कुणी ना कुणी आहे. त्यांना गाठा. अटी माझ्याच लावा, त्या फुकट आहेत.

पैसे पाठवू का, असं विचारणाऱ्यांसाठी: नको. हॉलचं लाइटबिल समाज भरतो, रिचार्ज मी करते. वह्या मुलांकडे आहेत.

मे महिन्यात सुरू करू नका. ऊन चाळीसच्या वर असतं, हॉलचा पत्रा तापतो आणि निम्मी पोरं तेलंगणात आजोळी गेलेली असतात. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, पुढचा आठवडा पुस्तकं आणि गणवेशात जातो. त्यानंतरच्या बुधवारपासून सव्वासाताला मी फोन परातीत ठेवते. कुंभारीच्या मुलींना शुक्रवार सोयीचा आहे. ज्यांना वर्षभर जमणार नाही त्यांनी आत्ताच नाही म्हणा, मला राग येणार नाही. गड्ड्याला आलात की भेटा, चहा घेऊन जा.

तुमची,
पूर्व भागातली एक निवृत्त बँक कर्मचारी
सोलापूर